गिटलॅब: सात-आठ वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू, टूलबद्दल थोडं आणि त्यांच्या खरं बोलण्याबद्दल जास्त

आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलाने परवा विचारलं, ताई सगळं जग गिटहब वापरतं मग आपण गिटलॅब का घेतलंय. खाली टपरीवर चहा घेत त्याला सांगायला सुरुवात केली ती अर्धा तास संपेचना, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्याला फीचर सांगतच नव्हते, एका दिवसाची गोष्ट सांगत होते. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवू, कुणाला टूल निवडायचं असेल तर उपयोगी पडेल आणि टीम सांभाळणाऱ्यांना तर नक्कीच पडेल.

आयटीत नसणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, गिटलॅब म्हणजे प्रोग्रामर लोकांची कोड ठेवायची जागा. दहा जण एकाच कामावर असले की कुणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं याची नोंद तिथे राहते, बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, आणि तपासून झाला की टेस्ट चालवून सर्व्हरवर चढवायचं कामही तिथूनच होतं. हे सगळं एका छताखाली मिळतं हा त्यांचा मोठा प्लस पॉइंट, वेगवेगळी पाच टूल जोडत बसावं लागत नाही. शिवाय हवं तर आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, फक्त मशीन दणकट लागतं. मर्ज रिक्वेस्ट (आपला बदल दुसऱ्याला तपासायला देणं), पाइपलाइन (टेस्ट चालवून सर्व्हरवर चढवायची आपोआप चालणारी साखळी), इश्यू बोर्ड (कामांची यादी) या सगळ्यावर मी समाधानी आहे. टूलचा रिव्ह्यू इथेच संपला समजा, कारण गिटहबसारखी, असंच काम करणारी टूल बाजारात आणखी आहेत. आम्ही यांना धरून राहिलोय त्याचं कारण वेगळं आहे.

१ फेब्रुवारी २०१७. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्या वर्षी बजेट पहिल्यांदाच १ फेब्रुवारीला आलं होतं, रेल्वे बजेटही त्यातच घातलेलं, आणि मी तेव्हा हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत होते, सकाळभर कँटीनच्या टीव्हीपुढे गर्दी. संध्याकाळी शेजारच्या टीममधला एक मित्र धावत आला, म्हणाला चल पटकन काहीतरी दाखवतो. त्याच्या स्क्रीनवर यूट्यूब चालू होतं आणि त्यात गिटलॅबचे इंजिनिअर बसून त्यांचाच उडालेला डेटाबेस परत उभा करत होते. लाइव्ह. हजारो लोक बघतायत, कुणी प्रश्न विचारतंय, हे उत्तर देतायत. मी तोपर्यंत गिटलॅब वापरलंही नव्हतं, पण त्या दिवशी घरी जायची बस सोडली आणि तिथेच बसले.

झालं होतं असं. आदल्या रात्री त्यांच्या डेटाबेसवर अचानक लोड आला, आणि मुख्य डेटाबेसची जी जुळी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चालू असते ती मागे पडली. ती पुन्हा जुळवायची तर त्या दुसऱ्या सर्व्हरवरचं जुनं फोल्डर रिकामं करावं लागतं. एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत याच कामाला भिडला होता, कमांड पुढे सरकत नव्हती, एरर पण दाखवत नव्हती, शेवटी त्याने फोल्डर उडवायची कमांड दिली आणि एक-दोन सेकंदात त्याच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या सर्व्हरवर नाही, मुख्य सर्व्हरवर आहोत. लगेच थांबवलं. तोवर साधारण ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. ज्याने कधी चालू सर्व्हरवर हात घातलाय त्याला हे वाचतानाही पोटात गोळा येईल, मला अजून येतो.

बरं, डेटा उडाला तर बॅकअप असतो. खरी गोष्ट इथे सुरू होते. रोजचा बॅकअप जिथे जाऊन पडायला हवा ती जागा उघडली तर रिकामी, कारण डेटाबेस ९.६ व्हर्जनचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा चालत होता, तो रोज चालायचा आणि रोज फेल व्हायचा. फेल झाल्याचा मेल जायचा पण त्या मेलवर हवी ती सही नव्हती म्हणून समोरचा मेल सर्व्हर तो नाकारायचा, म्हणजे कुणालाच पत्ता नाही. क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट, म्हणजे आख्ख्या डिस्कची त्या क्षणाची प्रत, डेटाबेसच्या सर्व्हरना लावलेलेच नव्हते. जुळी प्रत तर आधीच पुसलेली. शेवटी वाचवलं कशाने, तर सहा तास आधी टेस्टिंगसाठी म्हणून हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, आणि तो घेतला होता त्याच माणसाने ज्याच्या हातून पुढे डेटा उडाला. तो स्नॅपशॉट ज्या सर्व्हरवर होता तिथली डिस्क स्लो, त्यामुळे कॉपी व्हायलाच दिवस गेला, साइट परत उभी राहायला साधारण अठरा तास लागले. सहा तासांचा डेटा कायमचा गेला, सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नवीन अकाउंटना फटका बसला. लोकांचा कोड वाचला कारण तो वेगळ्या जागी होता, पण तरी.

आता मी तुम्हाला वर जे सगळं सांगितलं, व्हर्जन नंबरसकट, ते मला कसं माहीत? त्यांनीच सांगितलं म्हणून. घटना घडत असतानाच त्यांनी एक गूगल डॉक सगळ्यांना खुलं केलं आणि त्यात जसं जसं कळत गेलं तसं लिहीत गेले. त्यातच एका ओळीत त्यांनी लिहून टाकलं होतं की बॅकअपच्या आणि कॉपीच्या पाच पद्धती आमच्याकडे होत्या आणि पाचातली एकही धड चालत नव्हती किंवा लावलेलीच नव्हती. मित्राने ती ओळ मोठ्याने वाचली आणि आम्ही दोघं गप्प झालो. एखाद्या कंपनीने स्वतःबद्दल, आग अजून विझलेली नसताना, असं लिहिलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नंतर १० फेब्रुवारीला त्यांनी सविस्तर अहवाल टाकला, त्यात सीईओ सिड सीब्रँडी यांनी स्वतः माफी मागितली, प्रोडक्शनचा डेटा जाणं चालवून घेण्यासारखं नाही असं सरळ म्हटलं आणि पुढे काय काय दुरुस्त करणार तेही मांडलं.

आणि तो इंजिनिअर? अहवालात त्याचा उल्लेख फक्त 'टीम मेंबर वन' असा आहे. लाइव्हमध्ये लोकांनी विचारलंच की त्याला काढणार का, तर उत्तर मिळालं, नाही, चूक झाली, काढणार नाही. एक माणूस रात्री चुकतो, पण पाच बॅकअप न चालणं ही एका माणसाची चूक नसते, ती वरच्यांची असते, आणि वरच्यांनी ते स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. लोकांनी शिव्या घातल्या नाहीत असं नाही, पण जगभरातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांनी धीर देणारे मेसेज इतके टाकले की ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ते का आलं ते सांगते. त्याच्या काही महिने आधी आमच्याच फ्लोअरवर असलं काहीतरी घडलं होतं. एका स्क्रिप्टमध्ये कंडिशन लिहायची राहिली आणि क्लायंटचं रिपोर्टचं एक आख्खं टेबल रिकामं झालं. लिहिणारा मुलगा दीड वर्षाच्या अनुभवाचा, लातूरकडचा, त्याने दहा मिनिटांत येऊन मॅनेजरला सांगितलं की सर माझ्याकडून असं असं झालंय. म्हणजे सगळ्यात खालचा माणूस खरं बोलला. त्यानंतर खरं बोलणं थांबलं. आमचे डिलिव्हरी हेड कॉलवर क्लायंटला म्हणाले, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, बघतोय. दुसऱ्या दिवशी म्हणाले सर्व्हरचं मेंटेनन्स चालू आहे. मी त्या कॉलवर होते, म्यूटवर, आणि मला सांगून ठेवलं होतं की तू काही बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पाचव्या दिवशी क्लायंटच्या माणसाने स्वतः लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, काढले आणि मूठ उघडली. मग सगळ्यांना सीसी ठेवून जो मेल गेला त्यात त्या पोराचं पूर्ण नाव होतं आणि 'मानवी चूक' असं लिहिलं होतं. त्याने दोन महिन्यांत नोकरी सोडली.

पण मला जे दाखवायचंय ते पुढचं आहे. त्यानंतर जवळपास वर्षभर आमच्या प्रत्येक रिलीजला क्लायंटचा एक माणूस कॉलवर बसायचा, एकेक कमांड वाचून दाखवायला लावायचा, मग एंटर. जे काम तासाभरात व्हायचं त्याला रात्र जायची. टेबल तर आम्ही दोन दिवसांत परत भरून दिलं होतं, त्याचा त्यांना राग नव्हताच. पाच दिवस खोटं ऐकवलं याचा होता. आणि आमच्या टीममध्ये काय झालं, तर त्यानंतर कुणीही दहा मिनिटांत येऊन काही सांगेना. आधी लोक स्वतः झाकायला बघायचे, मग अंगाशी आलं की सांगायचे. हे सगळं डोक्यात असताना मी तो यूट्यूबचा व्हिडिओ बघत होते.

त्यानंतर वर्षभरात मी गिटलॅब वापरायला लागले आणि टूलपेक्षा त्यांचं हँडबुकच जास्त वाचलं. हे हँडबुक म्हणजे कंपनीचं आतलं सगळं कामकाज, नेटवर खुलं, छापलं तर दोन हजार पानांच्या वर जाईल. मीटिंग कशी घ्यायची, नोट्स कशा ठेवायच्या, खर्चाचे नियम काय, प्रमोशन कसं ठरतं. ऑफिस कुठेच नाही, सगळे लोक घरून काम करतात, साठहून जास्त देशांत पसरलेले, त्यामुळे लिहून ठेवल्याशिवाय त्यांचं चालणारच नाही हे खरं, पण लिहिणं वेगळं आणि ते जगाला दाखवणं वेगळं. काय उघड करत नाही याचीही यादी तिथे आहे, ही गोष्ट मला फार पटली. सगळंच सांगू असा दावा कुणी केला की मला शंका येते, हे सांगू आणि हे नाही सांगू शकत असं आधीच म्हटलं की समोरच्याला कळतं कुठे उभं राहायचं.

त्यात सीईओचं एक पान होतं ज्यात माझ्यात हे हे दोष आहेत, असं वागलो तर मला सांगा, असं त्याने स्वतः लिहिलेलं. आणि सीईओ शॅडो म्हणून एक प्रकार होता, कंपनीतला निवडलेला कर्मचारी दोन आठवडे सीईओच्या मीटिंगमध्ये बसून नोट्स घ्यायचा. आपल्याकडच्या एखाद्या एमडीच्या केबिनमध्ये दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी दोन आठवडे बसलीय आणि सगळं ऐकतेय असं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. दारातली खुर्चीसुद्धा मिळत नाही आपल्याकडे.

आता कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, रिव्ह्यू आहे, जाहिरात नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी वापरणाऱ्यांवर बाहेरच्या कंपनीचं ट्रॅकिंग लावायचं ठरवलं होतं, मान्य नसेल तर वापरता येणार नाही अशी भाषा, त्यावर लोक खवळले आणि त्यांना ते मागे घ्यावं लागलं, माफीही मागितली. ऑगस्ट २०२२ मध्ये फुकट वापरणाऱ्यांचे वर्षभर हात न लावलेले प्रोजेक्ट उडवायचा विचार होता, आणि हे त्यांनी स्वतः नाही सांगितलं, बातमीतून बाहेर आलं. मग म्हणाले की उडवणार नाही, स्लो स्टोरेजमध्ये हलवू. जी कंपनी डेटाबेस उडाल्यावर जगापुढे बसली तिच्याबद्दल हे बातमीतून कळावं याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि तेव्हा मी एक स्टार कमी केला तो अजून परत दिलेला नाही. शिवाय पैशांचं गणित बदलत गेलंय, ४ डॉलरचा स्वस्त प्लॅन २०२१ ला बंद केला, प्रीमियम २०२३ मध्ये १९ वरून २९ डॉलर झाला, फुकटात मिळणारी पाइपलाइनची मिनिटं २,००० वरून ४०० वर आणली आणि फुकटच्या प्रायव्हेट ग्रुपला पाच माणसांची मर्यादा लावली. छोट्या टीमला हे जड जातं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी ७ टक्के लोक कमी केले. वाईटच झालं, कुणाच्या घरचा पगार थांबणं याला चांगलं म्हणायचा प्रश्नच नाही. पण सिड यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र त्याच दिवशी सगळ्यांना वाचता आलं, आकडा त्यातच, कारण त्यातच. त्याच सुमाराची आमच्याकडची टाउन हॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, मला आठवते. मोठा हॉल, मागे समोसे आणि कॉफी, स्टेजवर आमचे सर्वात मोठे साहेब, आणि एका मुलीने माइक मागून थेट विचारलं, सर, माणसं कमी करणार आहात का. साहेब हसून म्हणाले, आपण एक फॅमिली आहोत, असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका. टाळ्या पडल्या. सतरा दिवसांनी एचआरचे पंधरा-पंधरा मिनिटांचे इन्व्हाइट यायला लागले, माझ्या ओळीतले तीन जण गेले, त्यातल्या एकाने टाउन हॉल ऐकून आठवड्याभरातच रावेतला फ्लॅटचं टोकन दिलं होतं. साहेबांना त्या दिवशी आकडा सांगता येत नसेल, कायद्याचं असेल, शेअरचं असेल, मला कळतं. 'आत्ता मी यावर बोलू शकत नाही' एवढं वाक्य म्हणाले असते तरी त्या माणसाने टोकन दिलं नसतं.

फक्त गिटलॅबचंच कौतुक करतेय असं नको म्हणून दुसरं उदाहरण देते. कामांची नोंद ठेवायचं जिरा हे टूल आपल्यातले बरेच लोक वापरतात, ते बनवणाऱ्या अॅटलासियनची एप्रिल २०२२ मध्ये चुकीच्या स्क्रिप्टने ७७५ ग्राहकांची साइट उडाली, काहींना चौदा दिवस लागले परत मिळायला. सुरुवातीचे बरेच दिवस वरून कुणी मोकळेपणाने बोललं नाही, लोक ट्विटरवर एकमेकांना विचारत होते की तुमचं पण बंद आहे का. नंतर त्यांनी फार सविस्तर अहवाल टाकला आणि आम्ही आधी आणि जास्त लोकांपर्यंत बोलायला हवं होतं हे त्यात मान्य केलं. अहवाल चांगलाच आहे, जरूर वाचा. पण त्या मधल्या दिवसांत आपल्या बॉसला काय सांगायचं या विवंचनेत जो आयटीवाला बसला असेल त्याला नंतरच्या अहवालाचा काय उपयोग. सगळं कळल्यावर बोलू म्हणणारे लोक मी खूप पाहिलेत, ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या तासात एवढंच हवं असतं की तुम्हाला कळलंय, तुम्ही बघताय आणि पुन्हा कधी सांगाल.

मी आता ज्या कंपनीत आहे ती अगदी छोटी, नऊ माणसं, कोथरूडला एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. शाळांना फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर देतो. इथे मी आल्यावर पहिल्या महिन्यात आमच्या मालकांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गिटलॅबचा तो २०१७ चा अहवाल वाचायला दिला. त्यांनी वाचला, काही बोलले नाहीत. मग दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझ्याच हातून घोळ झाला. टेस्टची यादी म्हणून जी मी निवडली ती खरी यादी होती, आणि तीन शाळांच्या पालकांना 'आपल्या पाल्याची फी थकीत आहे' असा एसएमएस गेला, ज्यांनी भरली होती त्यांनाही. शाळा सुरू होऊन चौथा दिवस. माझे हात गार पडले. मी उठून दादांकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, किती जणांना गेलाय, थांबलाय का, अजून जाणार आहे का. बस. मग म्हणाले, तू यादी काढ, मी फोन करतो.

तिन्ही मुख्याध्यापकांना त्यांनी स्वतः फोन केला, मी समोर बसले होते. एक बाई, कडक आहेत फार, त्यांना दादा म्हणाले, मॅडम, आमच्याकडून चुकीचा मेसेज गेलाय, तुमच्या ऑफिसची यात काही चूक नाही, किती पालकांना गेलाय ते तासाभरात कळवतो, आणि पालकांना पाठवायचा दुरुस्तीचा मजकूर लगेच देतो, तुम्ही बघून हो म्हणालात की जाईल. पलीकडून त्या आधी बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, बरं झालं तुम्ही आधी सांगितलंत, आता फोन यायच्या आत मी शिपायाला गेटवर कागद लावायला सांगते. माझं नाव दादांनी एकदाही घेतलं नाही, 'आमच्याकडून' एवढंच. संध्याकाळी त्यांनी आम्हा नऊ जणांना बसवून सांगितलं की टेस्टची आणि खरी यादी एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसते ही रचना मी पास केली होती, ती उद्या बदलायची. तिन्ही शाळा अजून आमच्याकडे आहेत. त्या कडक बाईंनी गेल्या वर्षी त्यांच्या बहिणीची शाळा पण आमच्याकडे पाठवली.

सिड यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सीईओपद सोडलं, कॅन्सरच्या उपचारांकडे लक्ष द्यायचं म्हणून, आणि तेही स्वतःच सांगितलं. आता बिल स्टेपल्स आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून कंपनी शेअर बाजारात आहे, तेव्हा पूर्वीइतकं मोकळं राहता येईलच असं नाही, मी बघत राहणार आहे आणि बदल जाणवला तर हा रिव्ह्यू बदलेन.

तर घ्यायचं का. पाच माणसांपर्यंतची टीम असेल तर फुकटचा प्लॅन पुरतो, पाइपलाइन जपून वापरा किंवा स्वतःच्या मशीनवर रनर, म्हणजे पाइपलाइन चालवणारा प्रोग्राम, लावा. मोठी टीम असेल तर २९ डॉलर गुणिले माणसं हा हिशोब आधी करा, कदाचित स्वतःच्या सर्व्हरवरची फुकट आवृत्ती परवडेल, पण मग बॅकअपची जबाबदारी तुमची. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. आणि घ्या किंवा नका घेऊ, तो १० फेब्रुवारी २०१७ चा अहवाल मात्र टीमसोबत एकदा बसून वाचा, तासभर लागतो. आम्ही तो वाचल्यापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅकअप नुसता घेत नाही, तो वेगळ्या मशीनवर खरोखर उभा करून बघतो, आणि किती मिनिटं लागली ते दादा दारामागच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहितात. या महिन्यात ४७ लागली. एप्रिलमध्ये उभाच राहिला नव्हता, तेही फळ्यावर तसंच आहे, पुसलेलं नाही.